पहिल्या भेटीला सगळं घर येतं, तिसऱ्या भेटीला कोणीच नाही

चोपडा तालुक्यातल्या एका मामांचा प्रश्न आहे. भाचा १४ वर्षांचा, नववीत. गणपतीपासून शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईल, सकाळी उठत नाही. आजी म्हणते बाहेरचं आहे, एकदा उतारा करून झाला. मेहुणे म्हणतात दोन ठेवून दिल्या की सरळ होईल. नाशिकच्या खाजगी डॉक्टरांचा खर्च झेपणारा नाही. सरकारात मुलांसाठी काही सोय आहे का, पैसे किती लागतात, गोळ्यांची सवय लागते का, पोरावर 'मेंटल'चा शिक्का बसतो का, असं त्यांनी विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता: "परवा तो म्हणाला, मी नसतो तर बरं झालं असतं. बाकी तसं काही नाही."

भाऊ, तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य मी आधी घेतो. 'बाकी तसं काही नाही' असं म्हणून सोडून देण्यासारखं ते वाक्य नाही.

आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. मोबाईल काढून घेऊ नका, त्यावरून बोलूही नका. थेट विचारा, "तू परवा असं म्हणालास. मरून जावं असं वाटतं का कधी?" असं विचारल्याने पोराच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे आणि ती चूक आहे. या कामात मला सतरा वर्षं झाली. शेकडो पोरांना हा प्रश्न विचारला असेन. विचारल्यावर बहुतेकांचे खांदे खाली येतात, कुणीतरी विचारलं एकदाचं, अशा चेहऱ्याने बघतात. तो 'हो' म्हणाला तर भाषण देऊ नका, शपथा घालू नका, आईचं काय होईल हे सांगू नका. ऐका. त्या रात्रीपासून त्याच्या खोलीत कोणीतरी झोपायचं. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून, पडवीतून काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायची. आपल्याकडे कापूस-केळीचं घर म्हटलं की माळ्यावर किंवा दाराआड अर्धी उरलेली बाटली असतेच. ती हलवणं हा मी सांगतोय त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय आहे. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही तिच्या उशाखालून उचला.

रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ लावा. हे टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. तुम्ही स्वतः मामा म्हणून लावलात तरी चालतं, पोरानेच बोलायला हवं असं नाही. रात्री दोन वाजता दवाखाना बंद असतो आणि घरात सगळे घाबरलेले असतात, त्या वेळेसाठी ही सोय चांगली आहे. उपचार मात्र फोनवर पुरा होत नाही. आणि खरोखर काही खाल्लं-प्यायलं असा संशय जरी आला तरी १०८, आणि सरळ मोठा दवाखाना. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. पोलीस केस होईल म्हणून घरीच दाबून ठेवलेली पोरं मी पाहिली आहेत. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, ते खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८पासून लागू आहे, त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्यासाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मी डॉक्टर नाही. सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या खोलीबाहेर जे घडतं ते माझं काम. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत काम झालं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आला. कागदावर जिल्ह्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी माणसं असतात. मी जिथे जिथे होतो तिथे यातली एखादी खुर्ची कायम रिकामी असायची, आणि बहुतेक वेळा ती सायकॉलॉजिस्टची. मुलांच्या कामात नेमकी तीच सगळ्यात जास्त लागते. त्यामुळे सोय आहे का, तर आहे. तुमच्या मनात जशी आहे तशी नाही. भिंतींवर कार्टून, खेळणी, वेगळी बालकांची ओपीडी असं डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्याच ओपीडीत, दारू सोडवायला आलेल्या माणसाच्या शेजारच्या बाकावर तुमचा भाचा बसेल. हे आधीच सांगतो, म्हणजे तिथे जाऊन पाय मागे येणार नाहीत.

तुम्हाला सगळ्यात जवळचं दार चोपड्याचंच. उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना दोन गोष्टी विचारा. एक, मैत्री क्लिनिक कुठे आणि समुपदेशक कधी बसतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४मध्ये आला, १० ते १९ वयासाठी. हे क्लिनिक त्यातलं. तिथल्या ताईंकडे पाळीच्या तक्रारींपासून ॲनिमियापर्यंत सगळंच येतं, पण चौदा वर्षांच्या पोराशी बोलायची त्यांना सवय असते. दोन, जिल्ह्याचं मनोविकार पथक महिन्यातल्या कोणत्या दिवशी येतं. ही तारीख बोर्डावर असेलच असं नाही. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सीएचओंना, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना, विचारलं तर चौकशी करून सांगतील. त्याच्या तोंडी जगण्याचा कंटाळा आलाय, म्हणून पथकाची तारीख लांब असेल तर वाट बघू नका, थेट जळगाव गाठा. लोक अजून 'सिव्हिल'च म्हणतात, पण तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनोविकार विभागाची ओपीडी तिथेच. धुळ्याच्या वाचकांसाठी भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, नंदुरबारला तिथलं शासकीय रुग्णालय. सोमवार टाळा, सोमवारी आठवड्याची गर्दी एकदम येते. पैशाचं म्हणाल तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या खात्याचं, तिथे केसपेपरला आणि एखाद्या तपासणीला किरकोळ पैसे लागू शकतात. तुमचा खरा खर्च एसटीचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

जाताना सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्याच, पण माझं ऐकाल तर त्याच्या वह्या घ्या. सातवीची एक, नववीची एक. लोक हसतात यावर. मागे असाच एक मुलगा आला होता, पोटदुखीचाच. वडील म्हणत होते आळशी झालाय. सातवीच्या वहीत अक्षर वेडंवाकडं पण पानं भरलेली. नववीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं सगळं होतं, कुठे काना नाही, कुठे 'त्र'चा 'श्र', जोडाक्षर आलं की शब्दच गाळलेला. स्वतःच्या मनाने लिहिलेलं उत्तर अख्ख्या वहीत एक नव्हतं. आणि ऑगस्टच्या एका तारखेनंतर कोरी पानं. ती तारीख धरून विचारलं तर अर्ध्या तासाने निघालं: त्या दिवशी सरांनी उभं करून धडा वाचायला लावला होता, आणि वर्ग हसला होता. आठवीपर्यंत ढकलत आलेलं पोर नववीत असं उघडं पडतं. त्याला वाचनाचा, लेखनाचा अध्ययन अक्षमतेचा त्रास होता, बुद्धी चांगली होती. तुमच्या भाच्याचं तेच असेल असं मी म्हणत नाही. गणपतीच्या आसपास वर्गात काय झालं, एवढं शोधा. कोणी चिडवतं का, मारतं का, पैसे मागतं का, कोणी नको तिथे हात लावला का. शेवटचं विचारायला घरच्यांची जीभ रेटत नाही, म्हणून आम्ही विचारतो. तसं काही निघालं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याने आम्हाला ते कळवावंच लागतं, हे पालकांना मी आधीच सांगून ठेवतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही अशा वेळी उपयोगी पडते.

अध्ययन अक्षमता निघालीच तर ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला तासाला २० मिनिटं जादा, गरजेप्रमाणे लेखनिक, अशा सवलती मिळतात. पण ते दहावीच्या जानेवारीत सुचून उपयोग नाही. बुद्ध्यांक चाचणी, कान-डोळे तपासणी, चकरा, या सगळ्यात महिने जातात. नववी ही योग्य वेळ.

पोटदुखीबद्दल मेहुण्यांना एक सांगा. ती खोटी नाही. भीतीने आतडी खरोखर आवळतात, परीक्षेच्या सकाळी आपल्यालाही दोनदा जावं लागायचं ते आठवा. घरी थांबलं की पोट थांबतं, आणि शरीर शिकतं की शाळा टाळली की बरं वाटतं. रोज हे पक्कं होत जातं, म्हणून 'महिनाभर आराम करू दे' हा सल्ला माझ्या मते मारण्याइतकाच वाईट. परतीची वाट पायरीपायरीने असते. तीन दिवस नुसतं फाटकापर्यंत. मग आवडत्या विषयाचे दोन तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. यासाठी वर्गशिक्षक हाताशी लागतात, आणि आपल्याकडचे गुरुजी नीट समजावून सांगितलं तर ऐकतात. घरच्यांनी भांडायच्या पवित्र्यात जाऊ नये इतकंच. फटके दिले तर तो दोन दिवस जाईलही. तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय हे सांगायचं बंद करेल, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

देवऋषी, भगत, उतारा यांवर मी घरच्यांशी वाद घालत नाही. आजीने अंगारा लावला तर लावू दे. अंगारा लावून गोळी घेता येते. पण उपाशी ठेवणं, चटके, साखळी, झाडूने मार, धुरी हे सुरू झालं तर तिथेच थांबवायचं, त्याला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एक कबूल करतो: भगत आमच्यापेक्षा एका बाबतीत पुढे असतो. तो माणसाच्या बोलीत बोलतो. आमच्या ओपीडीत पोराला 'तुला उदास वाटतं का?' विचारतात. अहिराणी घरातल्या पोराला 'उदास' हा धड्यातला शब्द. तो मान हलवतो, नाही म्हणतो, आणि कागदावर 'नाही' लिहिलं जातं. मी विचारतो, "जीव लागस का? भूक लागस का? रातले झोप लागस का?" मग बोलतं.

सातपुड्याच्या बाजूला हे अजून अवघड. तपशील बदलून सांगतो. धडगावकडची एक मुलगी, आश्रमशाळेत सहावीत, आठवड्यातून दोनदा बेशुद्ध पडायची, दातखीळ बसायची. फिट्सची तपासणी झाली, फिट नव्हती. वॉर्डन म्हणाल्या अंगात येतं. मी मराठीत तासभर विचारलं, ती जमिनीकडे बघत राहिली. शेवटी भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना बोलावलं, त्या पावरा समाजाच्याच. पिठाचे हात न धुता त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, पावरीत दोन वाक्यं बोलल्या, आणि पोरगी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. आई-बाप दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला गेलेले, धाकट्या भावाला सोबत नेलेलं. फोन कोणाकडेच नाही. भाऊ जिवंत आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मुकादमाचा नंबर काढून आईशी बोलणं करून दिलं. मग दर रविवारी फोन ठरला. गोळी एकही लागली नाही. आजार हा नव्हताच असं कोणी समजू नये; बेशुद्धी खरी होती. त्या मावशींची माझ्या रिपोर्टमध्ये नोंद करायला रकानाच नव्हता.

गोळ्यांबद्दल. १४ वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत गोळी लिहितील असं नाही. त्रास सौम्य असेल तर आधी बोलणं, झोपेची घडी, शाळेची वाट. नैराश्य जास्त असेल तर बहुधा फ्लुओक्सेटिन लिहितात, मुलांमध्ये सगळ्यात जास्त वापरलेलं औषध ते. त्याची नशेसारखी सवय लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त, लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पोर जास्त अस्वस्थ वाटलं, मरणाचं बोलू लागलं तर लगेच कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायची नाही. सवय लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्या म्हणजे मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणलेली झोपेची गोळी. ती आजच घरात असेल तर फेका.

शिक्का बसतो का? गावात कुजबुज होईल, ते माझ्या हातात नाही. कागदाचं सांगतो. तुमचा केसपेपर दवाखाना शाळेला पाठवत नाही, माहिती गुप्त ठेवणं हे कायद्याने आमच्यावर बंधन आहे. 'ठाण्याला पाठवतील का' हा प्रश्न मला प्रत्येक आजी विचारते. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तुमच्या भाच्यासारख्या मुलाला तिथे पाठवायचा प्रश्नच सहसा येत नाही. कुठल्याही दवाखान्यात भरती करायची वेळ आलीच तर १८च्या आतल्या मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि पालकांपैकी किंवा त्यांनी ठरवलेलं कोणीतरी सतत सोबत राहायचं, हे कायद्यातच आहे. शॉक देण्याची भीती असेल तर तीही सोडा. मुलांना तो देण्यावर बंदी आहे, अपवादाला पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते.

आणि तो एकटा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला होता. पन्नासच्या वर्गात तीन-चार.

लहान मुलांबद्दल इतर वाचकांसाठी दोनच ओळी. दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, तर 'बाप पण उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्या डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तेच पाठवतात.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. पहिल्या भेटीला बोलेरो करून सात माणसं येतात. आजी, काका, सरपंचाचा फोनही येऊन जातो. दुसऱ्या भेटीला आई एकटी पोराला घेऊन एसटीने येते. तिसऱ्या भेटीला कोणी येत नाही. कापूस वेचणीला आलेला असतो, केळीची गाडी लागायची असते, नाहीतर पोर जरा हसायला लागलेलं असतं. मुलांच्या मनाच्या उपचारात पहिल्या भेटीत नाव-गाव होतं, दुसरीत पोर आम्हाला जोखतं, तिसरीत बोलतं. म्हणजे खानदेशात उपचार जिथे सुरू व्हायचा तिथेच तुटतो. डॉक्टर कमी आहेत, ते खरंच. पण आहे त्या डॉक्टरांचाही निम्मा उपयोग असा वाया जातो.

म्हणून पहिल्याच दिवशी हे करून घ्या. घरातला एक माणूस ठरवा, आणि तुम्ही लिहिलंत म्हणजे तो तुम्हीच. आईवर टाकू नका, ती सगळ्यांचं करून थकलेली असते. डॉक्टरांना सांगा, आम्ही चोपड्याहून येतो, वेचणीचे दिवस आहेत. महिन्याच्या गोळ्या एकदम देता येतील का, मधली भेट चोपड्यात पथकाच्या दिवशी होईल का, फोनवर विचारता येईल का. मागितलं तर बरंच जमतं. न मागता छापील तारीख मिळते. ऊसतोडीला जाणारं घर असेल तर दिवाळीच्या आधी येऊन तसं स्पष्ट सांगा, कागदावर औषधांची नावं लिहून घ्या, जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात तो कागद चालतो. शाळेलाही विचारत राहा. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. आपल्याकडच्या शाळेत तो कधी दिसेल देव जाणे, पण पालकसभेत कोणी विचारलंच नाही तर कधीच दिसणार नाही.

एक राहिलं. त्याला खोटं सांगून आणू नका. मोबाईल घ्यायला जळगावला जाऊ म्हणून आणलेला एक मुलगा आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून बसला होता, पाऊण तास. त्याचा राग आमच्यावर नव्हता. पुढचे तीन महिने तो वडिलांच्या गाडीवर बसला नाही. आदल्या रात्री सांगा, कुठे जायचं, कोणाला भेटायचं, तिथे सुई टोचत नाहीत. त्याने 'मी काय वेडा आहे का?' विचारलं तर घाईने नाही-नाही म्हणू नका. तुमच्या घरी जसं बोलता तसं बोला: "तुनं पोट खरंच दुखस, माले माहीत शे. का दुखस ते इचारी येऊत."